एका फुंकरीची किंमत

दिवाळीला चार दिवस उरले होते. चकलीची भाजणी दळून आली होती, सोऱ्या फळीवरून खाली उतरला होता, शेगडीवर कढई चढली होती आणि आमच्या सौभाग्यवती तेलाचा नवा पाच लिटरचा कॅन उजेडाकडे धरून निरखून पाहत होत्या.

“अहो, इकडे या पाहू! मागच्या कॅनपेक्षा या कॅनात तेल बोटभर खाली नाही का? पैसे मात्र पुरते मोजून घेतात मेले!”

एरवी अशा तक्रारीवर मी ‘हूं’ म्हणून वर्तमानपत्रात डोके खुपसले असते. या खेपेस मात्र उठलो. कॅन वजनकाट्यावर ठेवला, मागचा रिकामा कॅनही ठेवला, वजाबाकी केली आणि लेबलावरचा आकडा वाचून दाखवला : ५ लिटर, म्हणजे ४ किलो ५५० ग्रॅम. तेल पुरते भरले.

“मग खाली का दिसते?”

“त्याला कारण तेल नव्हे, कॅन. तो कसा घडला आणि घडल्यावर किती तासांनी भरला गेला, यावर ते ठरते.”

“मराठीचे प्राध्यापक ना तुम्ही? हे कधी शिकलात?”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून ते या दिवाळीत वाचकांपुढेच मांडावे असे ठरवले.

पाटी लिहायला गेलो आणि अडकलो

लातुरात आमच्या महाविद्यालयात शिकून गेलेला एक विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी घरी आला. मुलगा शेतकऱ्याचा. कवितेत कच्चा, पण हिशेबात पक्का. गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत त्याने प्लॅस्टिकचे कॅन बनवून त्यांत खाद्यतेल भरून देण्याचा छोटा कारखाना काढला होता. कॅन फुंकणारे एक यंत्र, तेल भरणारे एक यंत्र आणि बावीस माणसे, एवढाच पसारा.

“सर, यंत्राजवळ लावायच्या सूचना मराठीत लिहून द्याल का? पुस्तक इंग्रजीत आहे, पोरांना कळत नाही.”

मी होकार दिला. चहा घेता घेता त्याने खरी गोष्ट सांगितली. मागणी होती, पण माल वेळेवर निघत नव्हता. गिऱ्हाईक नाराज होते. कॅन फुंकणारे दुसरे यंत्र घ्यावे, त्यासाठी कर्ज काढावे आणि कर्जासाठी वडिलांची जमीन गहाण ठेवावी, असा त्याचा विचार चालला होता. वडील सही करायला तयार होते, पण गेले आठ दिवस ते घरात कुणाशी बोलत नव्हते.

हे ऐकल्यावर नुसत्या पाट्या लिहून परत येणे मला जमेना. यंत्रातले मला काही कळत नव्हते. पण न कळणारा मजकूर पुन्हा पुन्हा वाचून त्याचा अर्थ लावणे, हा तर आमचा धंदाच! तेव्हा मी दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्या कारखान्यात जाऊन बसू लागलो.

नळी, साचा आणि फुंकर

फुंकर मारून भांडे घडवण्याची विद्या आजची नव्हे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सिरियाच्या किनाऱ्याकडील कारागिरांनी पोकळ नळीच्या टोकाला वितळलेली काच घेऊन ती फुंकून फुगवण्याची युक्ती काढली. आपल्याकडे १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, तो लोकांनी दिलेल्या पैशापैशाच्या वर्गणीतून. देशी काच, देशी कारागीर, ही त्यामागची तळमळ होती.

प्लॅस्टिक त्या मानाने कालचे पोर. १९३३ साली इंग्लंडात एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन या दोघांना प्रयोगाच्या पात्रात पांढरा मेणासारखा पदार्थ सापडला, तो पॉलिथिन. १९५३ साली जर्मनीत कार्ल त्सीग्लर यांनी तोच पदार्थ कमी दाबाखाली आणि अधिक घट्ट स्वरूपात बनवण्याची रीत शोधली. आपला तेलाचा कॅन ज्या कणखर पॉलिथिनचा असतो, त्याची ही कुळकथा. १९६३ साली त्सीग्लर यांना इटलीच्या नात्ता यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

कॅन घडतो कसा, ते पाहण्याजोगे आहे. प्लॅस्टिकचा दाणा वरच्या चाडीतून यंत्रात पडतो. (आमच्या शेतकरीपुत्राने तिला ‘चाडी’च म्हणावे, यात नवल नाही. पेरणीच्या पाभरीला असते ना, तशीच ती!) आत मळसूत्राचा दांडा फिरत असतो. तो दाणा पुढे रेटतो, आणि १८० ते २०० अंशांच्या उष्णतेने दाण्याचे दाट पाकासारखे लोण होते. ते एका गोल फटीतून खाली उतरते आणि मऊ, गरम, पोकळ नळी लोंबू लागते. साच्याची दोन अर्धुके दोन्ही बाजूंनी येऊन तिला कवेत घेतात, खालचे तोंड चिमटून बंद करतात आणि वरून हवेची फुंकर बसते. नळी फुगून साच्याच्या भिंतींना चिकटते. साच्याच्या अंगात खेळणारे थंड पाणी तिची उष्णता ओढून घेते. साचा उघडला की कॅन तयार. वरखाली चिमटलेला जादा तुकडा कापायचा, दळायचा आणि पुन्हा दाण्यात मिसळायचा.

पाण्याच्या आणि सरबताच्या पारदर्शक बाटलीची रीत निराळी. तिच्यासाठी आधी परीक्षानळीसारखी जाड नळी ओततात. तिच्या तोंडाचे आटे तेव्हाच तयार असतात. मग ती सुमारे शंभर अंशांपर्यंत तापवून, आत दांडी घालून लांबीत ताणतात आणि त्याच वेळी हवेने रुंदीत फुगवतात. उभ्या-आडव्या अशा दुहेरी ताणाने तिला बळ येते. जसे धागे उभे-आडवे विणले की कापड टिकते, तसेच. ही बाटली सिद्ध करणारे अमेरिकन अभियंते नॅथॅनिएल वायेथ हे चित्रकार अँड्र्यू वायेथ यांचे भाऊ. त्यांना तिचे पेटंट १९७३ साली मिळाले. एका भावाने रंगांनी नाव काढले, दुसऱ्याने रंगहीन बाटलीने!

‘बंद’ या शब्दाच्या पोटात

पहिल्या रविवारी मी यंत्राजवळची नोंदवही चाळली. पानापानांवर एकच शब्द होता : ‘बंद’. सकाळी वीस मिनिटे बंद. दुपारी पाऊण तास बंद. कशाने बंद? कुणी लिहिलेले नव्हते.

भाषेचा शिक्षक म्हणून मला हे खटकले. यंत्र बिघडून थांबले, दाणा संपला म्हणून थांबले, पुढचे यंत्र मोकळे नाही म्हणून थांबले, साचा बदलायचा म्हणून थांबले, वीज गेली म्हणून थांबले. या पाच गोष्टी अगदी वेगळ्या. प्रत्येकीचा उपाय वेगळा. पण ‘बंद’ या एका शब्दाने पाचही झाकून टाकल्या होत्या. ज्याला नाव नाही, त्याच्यावर उपाय कसा करायचा?

म्हणून आम्ही एक नवी वही घातली. तिला नाव दिले ‘थांबा-वही’. यंत्र किती वाजता थांबले, कशासाठी थांबले, किती वाजता सुटले, एवढे तीनच रकाने.

पंधरा दिवसांनी वही उघडली, तो जिकडे तिकडे ‘लाईट गेली’! लातुरात वीज जाते हे खरे, पण इतकी? सगळ्यांत जुने कामगार, ज्यांना सारे ‘मामा’ म्हणतात, त्यांनी मला बाजूला नेले आणि हळूच विचारले, “सर, खरं लिवलं तर पगार कापला जाईल का? आन् ह्या वहीनं माणसं कमी व्हणार हायत का?”

मी चरकलो. ‘कार्यक्षमता’ हा शब्द मी वर्गात कितीदा लिहिला असेल, पण तो ऐकताना बावीस माणसांच्या पोटात गोळा येतो, हे मला ठाऊक नव्हते.

त्या संध्याकाळी मालकाने, म्हणजे माझ्या विद्यार्थ्याने, वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिले : ‘या वहीतील नोंदीवरून कुणाचाही पगार कापला जाणार नाही, कुणालाही कामावरून काढले जाणार नाही.’ खाली सही केली आणि सर्वांना वाचून दाखवली. त्यानंतर वही खरे बोलू लागली.

गुणाकाराचे गणित

वही काय बोलली, ते सांगण्यापूर्वी एक छोटे गणित सांगतो. सेईची नाकाजिमा या जपानी तज्ज्ञांनी यंत्राची परीक्षा तीन विषयांत घेण्याची पद्धत रूढ केली. पहिला विषय : ठरलेल्या वेळापैकी यंत्र किती वेळ चालले? दुसरा : चालले तेव्हा ठरलेल्या वेगाच्या किती टक्के वेगाने चालले? तिसरा : जे निघाले, त्यात चांगला माल किती?

समजा, एका यंत्राला या तीन विषयांत ८०, ८५ आणि ९२ गुण पडले. आमच्या महाविद्यालयात अशा मुलाचे पेढे वाटतात! सरासरी ८५ च्या वर गेली की हो! पण यंत्राच्या परीक्षेत सरासरी नसते, गुणाकार असतो. ८० टक्क्यांचे ८५ टक्के म्हणजे ६८, आणि त्याचे ९२ टक्के म्हणजे जेमतेम ६३. म्हणजे शंभर कॅनच्या जागी ६३ कॅन. तिन्ही विषयांत ‘बरा’ असलेला कारखाना प्रत्यक्षात तिसऱ्या हिश्शाहून अधिक गमावून बसतो आणि त्याला ते कळतही नाही. नाकाजिमांनी उत्तम कारखान्यासाठी घातलेली रेघ साधारण ८५ ची आहे.

माझा विद्यार्थी हे गणित मांडून बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, म्हणजे दुसरं यंत्र माझ्याकडे आहेच की! याच यंत्रात लपून बसलंय.”

जेवणाची सुट्टी आणि पान्याचा शोध

वहीने पहिली चोरी दाखवली ती दुपारच्या जेवणाची. एक वाजता सारेच जेवायला जात. अर्ध्या तासाची सुट्टी, त्यात काय बिघडले? पण फुंकणारे यंत्र हे चुलीवरच्या पाकासारखे असते. ते थांबले की आतले वितळलेले प्लॅस्टिक तापत पडते, करपू लागते. पुन्हा सुरू केले की पहिले कितीतरी कॅन डागाळलेले किंवा एकीकडे जाड, एकीकडे पातळ निघतात. अर्ध्या तासाच्या सुट्टीची किंमत म्हणून तासाभराची पडत होती. उपाय फुकटातला. अर्ध्यांनी साडेबाराला जेवावे, अर्ध्यांनी एकला. यंत्र चालूच. जेवणाचा वेळ कुणाचा एक मिनिटही कमी झाला नाही.

दुसरी चोरी साचा बदलण्याची. पाच लिटरचा साचा काढून दोन लिटरचा चढवायचा, तर निम्मी पाळी सरे. मी घड्याळ लावून बसलो. त्यातला कितीतरी वेळ पाना शोधण्यात, नळ्यांना बसणारी कडी धुंडाळण्यात आणि ‘दोन लिटरची झाकणं आली का?’ हे विचारण्यात गेला. शिगेओ शिंगो या दुसऱ्या जपानी अभियंत्याने यासाठी सोपा नियम घालून दिला आहे. यंत्र चालू असताना करता येण्याजोगी कामे आणि ते थांबल्यावरच करता येणारी कामे, यांच्या दोन याद्या करा, आणि पहिल्या यादीतले एकही काम यंत्र थांबल्यावर करू नका. आपल्या गृहिणी हा नियम शिंगोंच्या आधीपासून पाळतात. तेल तापल्यावर कुणी भाजणी भिजवायला बसत नाही!

मामांनी साच्याच्या शेजारी एक लाकडी फळी ठोकली. तिच्यावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवली. पाना जागेवर नसला की रिकामी आकृती आपणहून ओरडते.

साच्यातला पांढरा थर

तिसरी गोष्ट अधिक खोल होती. एक कॅन घडायला जो वेळ लागतो, त्यातला निम्म्याहून अधिक तो साच्यात थंड होण्यात जातो. फुंकर क्षणाची, थंडाई फार वेळाची. घाईने साचा उघडावा, तर मऊ कॅन वाकडा होतो, तळ फुगतो. तेव्हा वेग वाढवायचा तर यंत्राची कळ पुढे सारून भागत नाही. उष्णता लवकर काढून घ्यावी लागते.

आमच्या भागातले बोअरचे पाणी जड. घरातल्या बंबाच्या तळाशी जो पांढरा थर धरतो, तोच थर साच्याच्या अंगातल्या बारीक वाटांतून बसला होता. पाणी थंड असूनही त्या थराच्या पांघरुणामुळे उष्णता बाहेर पडत नव्हती. पूर्वी एका कॅनला जेवढा वेळ लागे, त्यापेक्षा तो हळूहळू वाढत गेला होता. इतका हळूहळू, की कुणाच्या ध्यानातच आले नाही. साचा उघडून वाटा सौम्य आम्लाने धुतल्या, पाणी मृदू करण्याचे छोटे उपकरण बसवले आणि तेच पाणी थंड करून पुन्हा पुन्हा फिरवण्याची सोय केली.

पाणी फिरवून वापरण्याचे मोल लातूरकराला निराळे सांगावे लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या शहरासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. पहिल्या खेपेस दहा वाघिणी, पाच लाख लिटर. घागरी, कळश्या आणि हेच तेलाचे रिकामे कॅन घेऊन आम्ही रांगांत उभे होतो. ज्या कॅनात पाणी वाहिले, तो कॅन घडवताना पाणी सांडू नये, ही भावना त्या कारखान्यात सर्वांची होती.

तेल कुठे गेले?

आता आमच्या सौभाग्यवतींच्या प्रश्नाकडे येतो.

महिन्याच्या शेवटी टाकीतून निघालेले तेल आणि विकलेले तेल यांचा मेळ बसत नसे. तेल सांडत नव्हते, चोरीला जात नव्हते. तरी उणे! शेवटी आम्ही भरलेले कॅन एकेक करून वजनावर घातले. जवळजवळ प्रत्येकात थोडे थोडे जास्त तेल होते.

का? भरणारा मुलगा सांगू लागला, “सर, काही कॅनात तेल भरलं तरी पातळी खालीच दिसते. गिऱ्हाईक म्हणतं, कमी दिलं. म्हणून वरून थोडं घालतो.”

पोराची दानत चांगली होती, पण खोट दुसरीकडे होती. पॉलिथिनचा कॅन साच्यातून निघाल्यावरही थोडा आकसत राहतो. हे आकसणे मुख्यतः पहिल्या दिवसभरातले. म्हणजे सकाळी फुंकलेला आणि लगेच भरलेला कॅन आतून किंचित मोठा असतो, परवाचा किंचित लहान. सारखेच तेल घाला, पातळी वेगळी दिसणार. त्यात भिंतीची जाडी कमीअधिक. बाहेरचे माप साच्याने बांधलेले, तेव्हा जाड भिंतीच्या कॅनाचे पोट लहान आणि पातळ भिंतीच्याचे मोठे. शिवाय तेलाचे तापमान. तेल तापले की फुगते, दर अंशाला हजारी पाऊण भागाच्या आतबाहेर. ४५ अंशांवर मापाने पाच लिटर भरलेले तेल आपल्या घरी २५ अंशांवर येईतो सुमारे ७० मिलिलिटरने आकसते. म्हणून तर तेलाच्या लेबलावर लिटराशेजारी वजन लिहितात. वजन काही उन्हाने फुगत नाही!

हिशेबासाठी धरा, दर कॅनामागे २० ग्रॅम जास्त गेले आणि दिवसाला दोन हजार कॅन भरले. रोजचे ४० किलो तेल झाले. एवढे तेल रोज कुणाच्या दारात ओतले, तर गाव गोळा होईल! थेंबाथेंबाने गेले, म्हणून कुणाला दिसले नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. कमी भरणे हा गुन्हा आहे. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार एक ते दहा लिटरच्या मापात एखाद्या नगात दीड टक्क्यापर्यंतची चूक चालते. परंतु सगळ्या नगांची सरासरी लेबलाच्या खाली जाता कामा नये. या दोन काठांमधून नाव चालवायची, तर नजर नव्हे, काटाच हवा.

इलाज असा केला. तेल पातळीवर न भरता वजनावर भरायचे. फुंकलेले कॅन तारीखवार रचायचे आणि आधीचा आधी भरायचा. दर तासाला पाच रिकामे कॅन तोलून फळ्यावर आकडा लिहायचा. आणि लोंबती नळी स्वतःच्या भाराने वर पातळ, खाली जाड होते, तिची जाडी जागोजाग राखण्याची यंत्रातली सोय, जी घेतल्यापासून कुणी वापरलीच नव्हती, ती सुरू करायची. त्यासाठी मी इंग्रजी पुस्तकातली अकरा पाने मराठीत उतरवली. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत उपयोगी भाषांतर, असे मी प्रामाणिकपणे म्हणतो.

सांगावयाचे तात्पर्य हे, की तेल भरण्याच्या यंत्रावर होणारा तोटा जन्मत होता फुंकण्याच्या यंत्रावर. दोन यंत्रे, दोन टोळ्या, मध्ये कॅनांचा ढीग. एकाला दुसऱ्याचे दुखणे कळत नव्हते.

मोठ्यांची रीत, छोट्यांचे कान

मोठ्या कारखान्यांनी ही मधली भिंतच पाडली आहे. तिथे फुंकलेली बाटली मानेला धरून, हातोहात, थेट भरण्याच्या यंत्रात जाते. मध्ये ढीग नाही, धूळ नाही, पुन्हा धुणे नाही. औषधांच्या कारखान्यात तर एकच यंत्र बाटली फुंकते, भरते आणि तिचे तोंड वितळवून बंद करते. मान मुरगळून उघडावयाची डोळ्यांच्या औषधाची चिमुकली कुपी आपण पाहिली असेल. अशा कितीतरी कुप्या याच रीतीने घडतात. माणसाचा हात लागत नाही, म्हणून जंतूंचा शिरकाव नाही. अलीकडे तर हवेऐवजी आत भरावयाच्या द्रवाच्याच दाबाने बाटली फुगवण्याची रीतही निघाली आहे. फुगवणे हेच भरणे!

छोट्या कारखानदाराला हे परवडत नाही. पण हवेचे मोल त्यालाही ध्यानात घ्यावे लागते. पारदर्शक बाटली फुगवायला मोटारीच्या चाकातल्या हवेच्या बारा ते वीसपट दाब लागतो. तो निर्माण करायला वीज खर्च होते. म्हणून मोठे कारखाने एकदा वापरलेली दाबाची हवा सोडून न देता साठवतात आणि कमी दाबाच्या कामाला पुन्हा लावतात. आमच्या कॅनाला एवढा दाब लागत नाही, पण हवा फुकट तिथेही नाही. निगा न राखलेल्या कारखान्यात दाबलेल्या हवेचा पाचवा ते तिसरा हिस्सा नुसता गळून जातो.

ती गळती मला सापडली, याचा मला अजून अभिमान वाटतो. एका सुट्टीच्या दिवशी यंत्रे बंद होती, फक्त हवेचा दाब चालू ठेवला होता. त्या शांततेत चहूकडून सूंऽऽ असा आवाज येत होता. साबणाचे पाणी लावत गेलो, तसे जागोजाग बुडबुडे फुगले. मामा म्हणाले, “सर, रोज गोंगाटात हिचं रडणं ऐकूच येत नव्हतं.”

वहीचे शेवटचे पान

सारेच सुटले, असे नाही. वीज अजून जाते. रंग बदलताना अजून माल वाया जातो. आणि कितीही काटकसरीने केले, तरी प्लॅस्टिक ते प्लॅस्टिक. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर आणि एकदा वापरून टाकावयाच्या कितीतरी वस्तूंवर बंदी आली, तेव्हापासून माझा विद्यार्थी हा प्रश्न स्वतःला विचारतो. त्याचे आजचे उत्तर एवढेच : जिथे दहा ग्रॅम कमी लागतील तिथे ते घालायचे नाहीत, आणि कॅन इतका धड करायचा की तो घरात वर्षभर राबेल आणि शेवटी पुन्हा दाणा होईल. आपणही रिकामा कॅन कचऱ्यात न फेकता भंगारवाल्याला द्यावा, म्हणजे त्याच्या उत्तराला आपली साथ होईल.

दुसरे यंत्र त्या वर्षी घ्यावे लागले नाही. जमिनीचा कागद वडिलांच्या पेटीतच राहिला. सोयाबीनच्या काढणीला मी त्यांच्या शेतावर गेलो होतो. म्हातारबुवा बांधावर बसून लेकाशी भरभरून बोलत होते. काय, तर पावसाविषयी आणि बैलांविषयी. यंत्राचा विषयही निघाला नाही.

बावीसच्या बावीस माणसे आजही कामावर आहेत. पहिल्या पानावरची ती दोन वाक्ये नव्या वहीतही दर वेळी मालक स्वतः लिहितो. मामा म्हणतात, बाकीचे सारे उपाय त्या पानानंतरचे.

हे सारे सांगून होईतो कढईतले तेल तापले होते. सौभाग्यवतींनी भाजणीचा कण टाकून पाहिला, तो तरंगत वर आला. माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, “कॅनाचं कळलं. आता जरा बाजूला व्हा. माझं यंत्र थांबलंय.”

मी मुकाट्याने बाजूला झालो. थांबण्याचे कारण कुठल्या रकान्यात लिहायचे, हे सांगायला नकोच!